दोन पोचे पडलेला डबा

राहात्याहून मुंबईला नव्या महामार्गाने पाच तास लागतात. लहानूभाऊंच्या जीपमधून अकरा लागत, आणि त्यातले निम्मे आपण कुठेतरी थांबलेले असू.

ईशा, आदित्य, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही माझ्या पाठीमागच्या फळीवरचा डबा पाहिलात आणि हसलात. ‘आजी, चमच्यावर ओरखडा आला तरी तू तो काढून टाकतेस, मग हा चेपलेला डबा कसा चालतो?’ सांगते म्हटलं आणि विषय बदलला. फोनवर एवढं बोलण्याचा दम हल्ली राहत नाही. लिहिणं बरं, लिहिताना मध्येच टेकता येतं. शिवाय लहानूभाऊ जाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि तो डबा त्यांचा आहे. म्हणजे त्यांचाही नाही. ते ओघाने येईल.

तुम्हाला ते आठवत असतील. तुम्ही लहान असताना एका डिसेंबरात त्यांनी तुम्हाला विमानतळावरून आणलं होतं. कसाऱ्याच्या घाटात आदित्यला उलटी झाली, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली, स्वतःच्या पांढऱ्या टोपीने त्याचं तोंड पुसलं, टोपी बाटलीतल्या पाण्याने धुतली आणि आरशाला अडकवून वाळत घातली. ‘पोरगं हलकं झालं,’ एवढंच म्हणाले. राहात्यापर्यंत ती टोपी आपल्या सगळ्यांसमोर डुलत होती.

नाव लहानू आणि उंची सहा फूट. गाडीत बसले की स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी गुडघे वर येत, आणि ते गाडी चालवत नसून तिला मांडीवर घेऊन बसलेत असं वाटे. घर पुणतांब्याला, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळी-मटणाला हात नाही. गाडीत गाणी नाहीत. हॉर्न क्वचित. रस्त्यात म्हैस आडवी आली तर खिडकीतून डोकं काढून तिच्याशी बोलत. ‘सरक गं माय, बाईंना उशीर व्हतोय.’ म्हैस सरकत असे. राहात्यात मला सगळेच बाई म्हणतात, चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याचा तो परिणाम. पण म्हशीसमोर माझा उल्लेख करणारे तेवढेच.

आपण दमलो, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. दमायची ती गाडी. ‘गाडी दमली हाय, बाई. जरा थांबू.’ मग आम्ही थांबत असू, आणि ते बॉनेटवर हात ठेवून, आजारी गाईजवळ उभं राहावं तसे उभे राहत.

पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले ती तुमच्या बाबाला विमानात बसवायला. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी मी वेळापत्रक तयार केलं. राहाता, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, भंडारदरा, घोटी, कसारा, मुंबई. प्रत्येक गावापुढे पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, आणि दोन ठिकाणी ‘चहा, दहा मिनिटे’. तेव्हा सिन्नरवरून जवळ पडे. पण लहानूभाऊ दुसऱ्या रस्त्याने जात नाहीत, हे आम्हाला आधीच सांगण्यात आलं होतं. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ धरला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

‘अक्षर लई सुंदर हाय, बाई.’

‘वाचलंत ना नीट?’

‘व्हय तर.’ चार घड्या घालून त्यांनी तो खिशात ठेवला.

अकोल्याला आम्ही मथुराबाईच्या हॉटेलापुढे थांबलो. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकं आणि उकळणारा चहा. मथुराबाई ठेंगणी, तीही माळकरी, आणि जिभेला धार. लहानूभाऊंनी तिला एक स्टीलचा कडीचा डबा दिला. तिने उघडला, शेंगदाण्याचे लाडू काढून घेतले, मग डबा धुवायला घेतला, मग पुसायला, मग खुरासणीची चटणी कुटायला. चाळीस मिनिटं झाली.

‘अकोल्याला मी दहा मिनिटं लिहिली होती,’ मी घड्याळ दाखवलं.

‘ती चहाची, बाई. मथुराबाईची येगळी.’

मथुराबाईने माझ्याकडे पाहिलं. ‘कोन ह्या? लई गुश्श्यात दिसत्यात.’

‘मास्तरीन हायेत. इंग्रजीच्या.’

‘मग ऱ्हाऊ दे. त्यांना राग बी इंग्रजीतच येत असंल, आपल्याला काय कळतंय?’

तुमचा बाबा चहा सांडेपर्यंत हसला. मी हसले नाही. पुढे शेंडीला पुन्हा थांबलो, चिंधूबाबा नावाच्या एका म्हाताऱ्याच्या दारात. तिथे ॲल्युमिनियमचा डबा गेला आणि त्यात तांदूळ भरून परत आला. डाव्या हाताला भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं, समोर कळसूबाईचं शिखर, उतारांवर भाताची खाचरं पिवळी झालेली. तुमचा बाबा ते पाहत होता आणि मी घड्याळ पाहत होते. तो देखावा मी खऱ्या अर्थाने तीन-चार खेपांनंतर पाहिला. विमान चुकलं नाही, उलट पाच तास बाकी होते. लहानूभाऊंनी आम्हाला पहाटे चारला काढलं होतं ते हे सगळं हिशेबात धरूनच.

थांबण्याचं कारण मागच्या सीटवर असे. पेरूचं एक निळं प्लास्टिकचं कॅरेट, आणि त्यात फडक्यात बांधलेले तीन डबे. एक मथुराबाईचा, एक चिंधूबाबांचा, आणि तिसरा मुंबईला भाऊच्या धक्क्यावर मासळी विकणाऱ्या हिराबाईचा. कुणीतरी कधीतरी काहीतरी बांधून दिलं होतं. डबा परत करायचा, तर रिकामा कसा करणार? आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. लहानूभाऊंच्या घरून भरलेला डबा गेला, म्हणून समोरच्याने तो धुऊन पुन्हा भरला. पुन्हा भरला, म्हणून पुन्हा परत करणं आलं. हे अठरा-वीस वर्षं चाललं होतं. हिराबाई सुकट देई. ती माळकरी लहानूभाऊ खात नसत. नाकाला उपरणं बांधून ते ती शेंडीपर्यंत आणत आणि चिंधूबाबांना देत. चिंधूबाबांचा तांदूळ पुढच्या खेपेला हिराबाईला जाई, आणि आपल्याकडचे पेरू सगळ्यांना.

मी एकदा कंटाळून म्हटलं, ‘एखादा डबा ठेवून घ्या की हो. कोण मागायला येणार आहे राहात्याला?’

राजूर मागे पडलं, मग म्हणाले, ‘आई जाताना पातेल्याचं विचारीत हुती, बाई.’

ते लहान असताना ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईने त्यांच्या आजारी आईला पातेल्यातून कुळथाचं माडगं आणून दिलं होतं. एके सकाळी टोळी निघून गेली आणि पातेलं राहिलं. पुढे कित्येक वर्षांनी आई अंथरुणावर होती, तेव्हा तिने देवाचं नाव घेतलं नाही, नातवंडांना बोलावलं नाही. ‘त्या पातेल्याचं काय केलं रं?’ एवढंच पुन्हा पुन्हा. लहानूभाऊ दोन हंगाम ते पातेलं घेऊन ऊसतोडीच्या तळांवर फिरले. बाई सापडली नाही.

‘आपन जाताना घरात परक्याचं भांडं नको,’ ते म्हणाले. ‘जीव अडकतो.’

हिराबाईची ओळख कशी झाली, तेही त्यांनी असंच एकदा घाट उतरताना सांगितलं. तरुणपणी ते टेम्पोतून पेरू घेऊन मुंबईच्या बाजारात निघाले होते. रस्ता चुकले. एवढे चुकले, की उजाडताना रस्ताच संपला आणि पुढे पाणी आलं. बोटी उभ्या, माशांच्या टोपल्या, बर्फ, आरडाओरडा. ते पायरीवर बसून राहिले. हिराबाईने विचारलं, ‘गाववाल्या, जेवलास का?’ आणि माळ पाहून डब्यात नुसत्या तांदळाच्या भाकरी आणि मीठ-कांदा घालून दिला. ‘डबा कवा पन आन,’ म्हणाली. ते पंधरा दिवसांनी फक्त डबा परत करायला मुंबईला गेले, पेरू भरून.

‘चुकलो नसतो तर समिंद्र कवा दिसला असता, बाई?’ ते म्हणत. मला तेव्हा वाटे, एवढा हुशार माणूस, जागोजागी पाट्या लावलेल्या असताना इतका चुकला कसा?

आता माझी चूक सांगते.

एका वर्षी त्यांची जीप दुरुस्तीला होती आणि कॅरेट चार दिवस माझ्या घरी राहिलं. आठवडे बाजारात भांडी ठोकून, पॉलिश करून देणारा एक कारागीर येतो. मथुराबाईचा आणि हिराबाईचा, दोन्ही डबे एकाच मापाचे, एकाच घाटाचे, आणि दोन्ही कुठे ना कुठे चेपलेले. मला ते पाहवेनात. मी दोन्ही सरळ करून घेतले, आरशासारखे चकचकीत. डब्यांवर नावं घातलेलीच होती, तीही उजळून निघाली. लहानूभाऊ खूश होतील म्हणून मी ते ओळीने मांडून ठेवले. त्यांनी पाहिलं, एक उचलला, फिरवला, खाली ठेवला, दुसरा उचलला.

‘लई झ्याक केलं, बाई,’ म्हणाले. आवाज बारीक होता, पण माझं लक्ष नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मला मुंबईला जायचं होतं. अकोल्याला मथुराबाईने डबा उघडला. आत शेंगदाण्याचे लाडू होते. तिने नाकाशी नेला आणि एकदम दूर धरला.

‘लहानूभाऊ! बोंबलाचे लाडू कवापासून करायला लागलात?’

बाकांवरची माणसं वळली. वीस वर्षांची सुकट डब्याच्या कडेत मुरलेली असते, पॉलिशने ती जात नाही. तो डबा हिराबाईचा होता.

‘माळ घालून फिरता, अन् माझ्या घरात हे आनता? तुमच्या मंडळींना वास आला न्हाई का भरताना?’

‘तिला पडसं हाय,’ लहानूभाऊ म्हणाले.

आणि मी, वर्गात बोलायची सवय असलेली, सगळ्यांसमोर म्हणाले, ‘अहो लहानूभाऊ, नाव घातलंय ना डब्यावर! एवढ्या मोठ्या अक्षरात. वाचायचं ना देण्याआधी!’

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. मुलगा फळ्यासमोर उभा असावा आणि उत्तर येत नसावं, तसे. चौतीस वर्षं मी ती नजर रोज पाहिली होती. त्या क्षणी मला माझं वेळापत्रक आठवलं, त्यांनी ते किती वेळ धरलं होतं ते आठवलं. भाऊच्या धक्क्यावर संपलेला तो रस्ता आठवला. संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी हाच रस्ता का, तेही कळलं. या रस्त्यावर वळणाला वडाचं झाड होतं, पत्र्याची शेड होती, विचारायला माणूस होता. नव्या रस्त्यांवर नुसत्या पाट्या. आणि डबे त्यांना पोच्यांवरून ओळखू येत होते. ते मी पैसे मोजून पुसून टाकले होते.

मथुराबाईलाही काहीतरी कळलं असावं. तिने लाडू टोपलीत ओतून घेतले आणि डबा परत दिला. मग म्हणाली, ‘असू द्या. लाडू गाईला घालते, तिला न्हाई माळ.’

रंधा धबधब्याच्या अलीकडे मी म्हटलं, ‘गाडी दमली नाही का?’ त्यांनी गाडी थांबवली. दोन्ही डबे मागच्या सीटवर होतेच. मी उतरले, रस्त्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, ‘सांगा, कुणाला कुठे पोचा होता.’

‘जाऊ द्या बाई.’

‘सांगा.’

‘मथुराबाईला एकच. बुडाशी. हिराबाईला दोन, जवळजवळ, कडीखाली.’

त्यांनी दगड शोधून दिला. चांगलं चकचकीत भांडं मुद्दाम चेपायला माझा हात उठेना. पहिला घाव इतका हळू बसला की खूणही उठली नाही.

‘जोरात, बाई. पोराला मारता तसं.’

‘मी पोरांना मारत नव्हते.’

‘मग राहात्याची पोरं उगाच बोंबलत हुती व्हय?’

मी हसले, आणि घाव बरोबर बसला. तीन पोचे मी माझ्या हाताने पाडले. नंतर मी त्यांना अक्षरं शिकवते म्हणून दोनदा म्हणाले. ‘आता रस्ता पाठ झालाय, बाई,’ म्हणून त्यांनी ते टाळलं. मीही फार रेटलं नाही. दोघेही थकलो होतो.

गेल्या कार्तिकात तुमच्याकडे येण्याच्या व्हिसासाठी मला बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचं होतं. लहानूभाऊंच्या लायसनची मुदत महिनाअखेर संपणार होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या कागदावर सही करायला नकार दिला होता. त्यांच्या मुलाने जीप विकायला काढली. गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. मी म्हटलं, दुसरी गाडी करते, नव्या रस्त्याने जाते. ते स्वतः राहात्याला आले, ओट्यावर बसले.

‘दिवसा दिसतंय, बाई. पाट्या दिसत न्हाईत म्हनतो डाक्टर. पाट्या मला कवा दिसत हुत्या?’

मग म्हणाले, ‘तीन डबे पोचवायचे हायेत. पोचवायचे अन् घ्यायचे न्हाईत. मला एकट्याला जमायचं न्हाई. तुमी संगं ऱ्हा.’

मला तेव्हा वाटलं, यात काय अवघड आहे?

अकोल्याला मथुराबाईने लाडू काढून घेतले आणि सवयीने चटणीला हात घातला. लहानूभाऊ टोपीची घडी घालत राहिले. शेवटी मीच म्हटलं, ‘मथुराबाई, डबा ठेवून घ्या. ते आता गाडी सोडतायत. पुन्हा येणं नाही.’ तिने कमरेवर हात ठेवला. ‘असं? मग माझ्या दारातनं उपाशी जायचं ठरवलंय का?’ तिने त्यांना बाकावर बसवलं, भाकरी आणि सगळी चटणी ताटात वाढली, शेवटचा घास जाईपर्यंत समोर उभी राहिली, आणि मग डबा पदराने पुसून आत नेला. बाहेर आली नाही. शेंडीला चिंधूबाबा आता अंगणातून उठत नव्हते. त्यांना सांगितलं तेव्हा ते दात नसलेलं हसू हसले, डबा घेतला, कुंपणाच्या खुंटावर पालथा घातला. ‘झालं. जाय आता सावकास,’ म्हणाले. पाणी तसंच चमकत होतं. लहानूभाऊंनी तिकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

घोटीच्या पुढे त्यांनी तीनदा गाडी थांबवली. तीनदा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. घाट उतरलो, भिवंडीची गोदामं गेली, आणि चार वाजता भाऊच्या धक्क्यावर पोचलो. माझी पाठ मोडून आली होती. भरतीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं, बोटी एकमेकींना घासून उभ्या होत्या, पलीकडे बंदरात मोठी जहाजं धुक्यासारखी पुसट.

‘हिराबाईला मीच सांगनार,’ ते उतरताना म्हणाले. ‘तुमी बोलू नका.’

‘आयलास रं?’ हिराबाई टोपलीमागून ओरडली. केस पांढरे, अंबाड्यात अबोली, हातभर बांगड्या. ‘बाईला पन आनलास? बसा, बसा.’

त्यांनी डबा दिला. तिने पेरू काढले, एक तिथेच चावला, नळावर डबा खळबळला आणि सुकट भरायला बसली. बोलत होती. धाकटा मुलगा बोटीवर गेलाय, सून चांगली आहे पण हळू आहे. ‘पुढचे खेपेला सीताफलं आन. नातीला आवडतात.’

‘आनतो,’ लहानूभाऊ म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर पाण्याकडे वळवली.

हिराबाईने झाकण दाबलं, कडी लावली आणि डबा पुढे केला. लहानूभाऊंचे दोन्ही हात पाठीमागे होते. एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं होतं.

‘घे ना.’

‘या बारीला ऱ्हाऊ दे, हिराबाई.’

‘का रं? माझी सुकट नको झाली?’

‘तसं न्हाई.’

‘मग काय झायलं? रागावलास?’

‘न्हाई.’

‘मग घे. माझे दारातून कोन खाली हातान गेलाय?’

हात पाठीमागून निघेनात. सहा फुटांचा माणूस, मान खाली. तिचा हात पुढे तसाच, आणि आता तिच्या तोंडावरचं हसू उतरू लागलं होतं. तिला खरं सांगितलं तर तो निरोप होणार होता, आणि डबा घेतला तर तो पुणतांब्याच्या घरात राहणार होता, कायमचा.

‘माझ्याकडे द्या,’ मी म्हटलं.

हिराबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘तुमी खाता?’

‘नाही.’

‘मग?’

‘डबा मी परत आणीन. माझ्याकडे द्या.’

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग त्यांच्या पाठीमागच्या हातांकडे. फार वेळ पाहिलं. काय समजायचं ते समजली असावी, कारण पुढे काही विचारलं नाही. डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘संभालून. कडीखाली चेपलाय, हाताला लागल.’

गाडीत मी तो मांडीवर धरून बसले. सगळ्या काचा उघड्या असूनही वास भरून राहिला. लहानूभाऊंनी गाडी माझ्या बहिणीच्या घराकडे वळवली. मग एका सिग्नलला म्हणाले, ‘तुमच्या घरात चालंल?’

‘माझ्या घरात आहे ना? तुमच्या नाही. मग झालं.’

व्हिसा मिळाला, पण गुडघ्यांनी माझं येणं होऊ दिलं नाही, ते तुम्हाला माहीत आहे. सुकट बहिणीच्या वॉचमनला दिली. डबा चिंचेने, राखेने, लिंबाने घासला. वास आहेच. तो परत करायचा आहे आणि भरून परत करायचा आहे. मला आता अकरा तास बसवत नाही. तुम्ही याल त्या वर्षी सीताफळं असतील तेव्हा या. जुन्या रस्त्याने जाल तर कुठे वळायचं ते मी सांगेन, मला आता पाठ आहे.

लहानूभाऊ गेल्याचं त्यांचा मुलगा सांगायला आला, तेव्हा मी पुणतांब्याला जाऊन आले. त्यांच्या मंडळींनी मला आत नेलं आणि न विचारता भांड्यांची मांडणी दाखवली. ‘जायच्या आठ दिस आधी सगळी भांडी खाली काढायला लावली हुती, बाई. एकेकावरचं नाव नातवाकडनं वाचून घेतलं. आपलीच निघाली सगळी.’ कोपऱ्यात एक जुनं पातेलं पालथं होतं. त्याच्यावर नाव नव्हतं.

पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे, बहिणीच्या फाटकापाशी. त्यांनी माझी बॅग उतरवली. मागच्या सीटवरून निळं कॅरेट बाहेर काढलं, उलटं केलं, दोनदा झटकलं. वाळलेली दोन पानं आणि थोडी माती पडली. कॅरेट परत ठेवलं, फडक्याची घडी घातली. मग करायला काही उरलं नाही, आणि ते हात लोंबते सोडून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातांनी उभं पाहिलं नव्हतं. हात फार लांब दिसत होते.

‘गाडी दमली असेल,’ मी म्हटलं. ‘थांबा थोडं. चहा करायला सांगते.’

त्यांनी बॉनेटकडे पाहिलं, पण हात ठेवला नाही.

‘गाडी न्हाई, बाई,’ ते म्हणाले. ‘मीच दमलो.’

आणि फाटकाच्या पायरीवर, टोपी गुडघ्यावर ठेवून, चहा येईपर्यंत बसून राहिले.